मासा आधी उतरेल

निवृत्त होणाऱ्या माणसाकडून चार्ज घेताना यादी दोन प्रतींत करतात. मन्मथअप्पांकडून मी प्रयोगशाळेचा चार्ज घेतला तेव्हा यादीत तेहेतीस वस्तू होत्या. बत्तीस जागच्या जागी मिळाल्या. सगळ्या पुसलेल्या, तेल दिलेल्या आणि प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. तेहेतिसावी वस्तू, रजिस्टरच्या भाषेत 'पाण्याचा प्रवाह ओळखणारा यांत्रिक मासा, नग एक', बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चेपून पडलेली होती. तिच्यापुढे 'आहे' लिहायचं की 'नाही', यावर आमचा पाऊण तास वाद झाला. बारा वर्षांत अप्पा माझ्याशी सलग एवढे कधी बोलले नव्हते.

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, परीक्षा, मुलीचं लग्न, सगळ्याची यादी माझ्या डायरीत असते आणि काम झालं की मी त्यावर रेघ मारते. अप्पांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हाही आधी यादीच केली. सुई, दाढी, कपिलधार, बादली, सोपान. जन्मतारीख आणि शिक्षण सेवापुस्तकात आहे, ते इथे उतरवत नाही.

अप्पा आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. मी उपकरणशास्त्र शिकवते. माशाचा प्रकल्प कागदावर माझ्या नावाने होता, टाकीवर मात्र अप्पांचा शब्द चाले. ते घाटनांदूरहून मोटरसायकलवर येत. घरचं भुसार दुकान होतं, पण दोन थोरले भाऊ गादीवर बसलेले. "तिसऱ्याला मांडी घालायला जागाच न्हाई राहिली," असं ते सांगत. म्हणून तरुणपणी कालव्यावर रोजंदारीला लागले आणि अकरा वर्षांनी तिथून आमच्याकडे आले. बुटके, खांद्याने रुंद, डाव्या कानाने कमी ऐकणारे. खांद्यावर एक दस्ती, हात पुसायला. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एक सुई टोचलेली. ती सुई कधी बाभळीचा काटा काढायला, कधी गुंडी लावायला, कधी प्लगमधला कचरा काढायला बाहेर येई आणि पुन्हा कॉलरमध्ये जाई. त्यांनी ती हरवलेली मी पाहिली नाही.

आणि दाढी. अप्पांचे गाल रोज गुळगुळीत असत. लग्नसराई असो की सुतक, खुंट म्हणून दिसायचा नाही. नवीन आलेले प्राध्यापक त्यांना चेष्टेने 'नवरदेव' म्हणत. त्यामागचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं.

आमच्या भागात कालव्याच्या वाटेत ओढा आला की कालवा ओढ्याच्या खालून जातो. जमिनीखाली काँक्रीटचे दोन बोगदे असतात. पाणी अलीकडे खाली शिरतं, पलीकडे वर येतं. कालव्यावरची माणसं त्याला सायफन म्हणतात. कधी बोगद्यात पाचट, फांद्या, पोती अडकतात. तेव्हा वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या गावांना मिळत नाही. कालवा बंद करून बोगदा उपसायचा तर दोन दिवस जातात. त्यापेक्षा सोपं म्हणजे गेट थोडं उतरवायचं, कमरेला दोरी बांधून एक माणूस आत सोडायचा आणि कुठे अडकलंय ते हाताने चाचपून लोखंडी आकडा लावून यायचं. तरुणपणी हा माणूस अप्पा होते.

"आत दिसतं का काही?" मी विचारलं होतं.

"शाई असती मॅडम. डोळे मिटले काय अन् उघडे ठेवले काय."

"मग कळतं कसं?"

त्यांनी दोन बोटं गालावर ठेवली. "हितं कळतं. पाणी कुठून येतंय, कुठं ओढतंय, मोकळं हाय का दबलेलं, सगळं गालाला लागतं. खुंट वाढले की गाल बहिरा. उतरायच्या दिवशी मी दोनदा दाढी करायचो."

कालवा सोडून वीस वर्षं झाली तरी दाढीचा नेम सुटला नव्हता. त्याचंही कारण होतं. नोकरी लागली तेव्हा अप्पांनी आपल्या जागेवर मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, सोपानला उतरवलं. त्यांनीच त्याला श्वास धरायला, दोरीच्या खुणा द्यायला, उजवी भिंत धरून जायला शिकवलं. सोपान अजून उतरत होता. वर्षाला तीन-चार आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या. त्यातल्या एखाद्या पाळीत तरी बोगदा तुंबायचाच. त्या दिवशी अप्पा रजा टाकून कालव्यावर जाऊन बसत. एकदा एवढंच म्हणाले, "मी कॉलेजच्या पंख्याखाली आलो, अन् त्याला तिथं ठेवून आलो."

माझा प्रकल्प हा मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय होता. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. बाजारातला रोहू नीट पाहिला तर दिसते. त्या रेघेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि गढूळ, अंधाऱ्या पाण्यातही मासा त्यांतून प्रवाह ओळखतो. तसा रबराचा हातभर लांब मासा करायचा, नाकावर एक आणि दोन्ही कुशींवर पाच-पाच अशी अकरा छिद्रं ठेवायची, आत दाब मोजणारे सेन्सर बसवायचे, डाव्या-उजव्या दाबातला फरक काढून शेपटीला हुकूम द्यायचा. पाण्याचा फोटो न काढता, नुसत्या दाबावर, माशाने प्रवाहाच्या मध्ये स्वतःला सांभाळून धरावं एवढंच उद्दिष्ट. मी हे फळ्यावर समजावून सांगत होते. अप्पा मागे उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर मुलं गेली, अप्पा गेले नाहीत.

"म्हणजे ह्याला गाल हायेत," ते म्हणाले.

"हो. अकरा."

"मग सायफनमध्ये हा आधी उतरेल. सोपान नंतर."

मी माझ्या यादीत प्रकल्पाचं उद्दिष्ट बदललं. प्राचार्यांना नंतर सांगितलं.

अप्पांची विद्यार्थी निवडायची पद्धत होती. टाकीत पंप लावून ते धार सोडत, मुलाच्या डोळ्यांवर दस्ती बांधत, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायला लावत आणि विचारत, धार कुठून येतीय. पटकन उत्तर देणाऱ्याला परत पाठवत. "ठोकून दिलंस. जा." एक मुलगी पाच मिनिटं गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "दोन धारा हायेत काका, एक भिंतीवर आपटून परत येतीय." तिला त्यांनी लगेच पाना हातात दिला.

पहिली अडचण आली ती माशाच्याच शेपटीची. टाकी शांत, पंप बंद, तरी मासा थरथरायचा, डावी-उजवीकडे वळायचा, जसा काही पुरात सापडलाय. मी दोन आठवडे प्रोग्राम तपासत होते. अप्पा रोज येऊन टाकीच्या काठावर कोपर टेकून बघत. एके दिवशी म्हणाले, "मॅडम, खाली उतरल्यावर आमी आधी काय करतो? थांबतो. हातपाय हलवले की आपलंच पाणी आपल्या गालाला लागतं. वाटतं, लई धार हाय. धार बीर काय न्हाई, आपलीच वळवळ असती. ती आधी वजा करा."

तेच निघालं. शेपूट हलली की माशाच्याच कुशीवर दाब बदलायचा आणि मासा त्यालाच प्रवाह समजायचा. आम्ही शांत पाण्यात शेपटीच्या प्रत्येक फेऱ्याचा दाब नोंदवून ठेवला आणि मोजलेल्या आकड्यातून तो कमी केला. मासा शांत झाला. अप्पांना मात्र वाक्य सापडलं. गुणांसाठी भांडायला आलेला विद्यार्थी असो की बैठकीत टेबल बडवणारे विभागप्रमुख, अप्पा चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणत, "आधी आपली वळवळ वजा करा." विभागप्रमुखांना याचा अर्थ शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

कपिलधारची गोष्ट त्यानंतरची. मासा आता धारेत टिकत होता, पण शेपूट इतकी मारायचा की बॅटरी दहा मिनिटांत संपायची. एका रविवारी अप्पांनी मला आणि चार विद्यार्थ्यांना कपिलधारला नेलं. मुलांना वाटलं सहल. त्यांनी डबे, मोबाईल, टोप्या आणल्या. अप्पांनी धबधब्याखालच्या डोहाच्या काठी सगळ्यांना एका खडकावर बसवलं आणि समोरच्या दगडामागे बोट दाखवलं. बोटभर लांबीचे सात-आठ मासे धारेकडे तोंड करून जागच्या जागी उभे होते.

"झोपलेत," एक मुलगा म्हणाला.

"शेपूट मोज," अप्पा म्हणाले. "आधी ह्यांची. मग त्या उघड्यावरच्यांची. डबा नंतर."

मुलांनी दोन तास शेपट्या मोजल्या. मोकळ्या धारेतले मासे सारखे शेपूट मारत होते, दगडामागचे त्याच्या निम्म्यानेही नाही. दगडाला वळसा घालून पाणी मागे भोवऱ्यांत फिरतं. मासा त्या फिरण्यावर अंग रेलून देत होता. अप्पा मुलांना सांगत होते, "कामचुकार न्हाईत ते. पाणी जेवढं काम करतंय तेवढं त्याला करू देतेत. तुमचा मासा मात्र सगळ्याशी भांडतो."

देवदर्शन करून परतणाऱ्या एका आजीबाई आमची रांग बघून थांबल्या. "नवस हाय का बाबा?"

"हाय की," अप्पा म्हणाले.

"कशाचा?"

"माशाचा."

आजीबाईंनी आम्हा सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि पुढे गेल्या. सोमवारी मी प्रोग्राममध्ये माशाला भांडण कमी करायला शिकवलं. बॅटरी पाऊण तास टिकली.

डिसेंबरच्या आवर्तनात सायफन तुंबल्याचा निरोप आला. अप्पांनी मासा पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधला, मी गाडीतून कॉम्प्युटर घेऊन गेले. सोपानला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीचा, काटक, कानात भिकबाळी, कमरेला दोरी बांधून तयार. मासा बघून तो पोट धरून हसला.

"दाजी, ह्याला मीठमसाला कुठाय?"

"तोंड बंद ठेव बे. दोरी सोड."

मासा कसा जाणार तेही सांगते. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, म्हणून त्याच्या नाकाला एक पक्की दोरी आणि त्याच दोरीत विणलेली तार. वरून दोरी सोडत जायचं. मासा धारेकडे तोंड करून, पतंगासारखा, शेपटीच्या बाजूने मागे मागे सरकत बोगद्यात उतरणार. सोपानही असाच पाय आधी घालून, धारेकडे तोंड करून उतरे, म्हणून दोघांची उजवी-डावी एकच. ओढ दोरी सोसणार. माशाचं काम एकच, दोन्ही कुशींचे दाब तोलून भिंतींच्या मध्ये राहायचं आणि आकडे वर पाठवायचे. अप्पांनी सोपानच्या दोरीसारखीच ह्या दोरीलाही दर मीटरला एक गाठ मारली होती.

तिसऱ्या गाठीलाच मासा वळला आणि भिंतीवर जाऊन आपटला. वर ओढला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. चार वेळा. काठावर जमलेले लोक हसू लागले. शाखा अभियंता साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"दाजी, तुमचा मासा भिंतीशी सोयरीक करून आला," सोपान म्हणाला आणि गेट निम्मं उतरवल्याची खूण घेऊन स्वतः पाण्यात शिरला. अप्पा दोरी धरून उभे होते. दोरीकडे बघत नव्हते, हाताने वाचत होते. सोपान वर आला तेव्हा पाचटाचा भारा आकड्याला होता आणि उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत सोललेला होता. "काय न्हाई, भिंत लागली," तो म्हणाला. अप्पांनी खांद्यावरची दस्ती ओली करून त्या खांद्यावर ठेवली. परतताना माझ्या गाडीच्या काचेपाशी येऊन म्हणाले, "फेब्रुवारीत पुढचं पाणी हाय. मार्चअखेर मी रिटायर. एवढीच एक पाळी हाय आपल्याला."

पुढचे सात आठवडे मी प्रोग्राम उलटापालटा केला. दाब तोलायची रीत बदलली, शेपटीचा वेग बदलला, मोटर बदलली. टाकीतही मासा हळूहळू एकाच बाजूला ओढू लागला. माझ्या डायरीत तपासलेल्या गोष्टींची यादी दोन पानं झाली आणि सगळ्यांवर रेघा होत्या.

चूक सापडली ती अप्पांच्या सुईने. एका दुपारी ते मासा मांडीवर घेऊन बसले होते. उजव्या कुशीच्या छिद्रांत सुई जात होती. डाव्या कुशीच्या पहिल्या छिद्राला लावली, गेली नाही. दुसऱ्यालाही नाही. त्यांनी मासा उन्हाकडे धरला. डाव्या छिद्रांवर पांढरा थर होता, चहाच्या पातेल्याला धरतो तसा.

आमच्या बोअरचं पाणी जड. टाकीतलं पाणी आम्ही आठ महिने बदललं नव्हतं. जेवढं उडून जाई तेवढं वरून घालत होतो, म्हणजे क्षार वाढतच होते. मासा रात्री टाकीतच तरंगत असे, डावी कूस जरा वर. ती रोज वाळायची आणि रोज थोडी बुजायची. निम्मी छिद्रं बहिरी झालेल्या माशाला एकाच कुशीला पाणी लागतंय असं वाटणारच.

आता बादलीची गोष्ट. प्रकल्पाच्या सुरुवातीला मी रोजच्या कामांची यादी भिंतीवर लावली होती. त्यात सहावं कलम होतं, चाचणीनंतर मासा बादलीभर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडा ठेवणे. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी त्यावर रेघ मारली होती. त्या उन्हाळ्यात महाविद्यालयात टँकर येत होता. "पोरं घरून बाटली भरून आणतेत, अन् आपण रोज बादलीभर पाणी रबराला पाजायचं?" ते म्हणाले होते. मी वाद घातला नव्हता. आमच्या गावात पाणी ओतायला कुणाचाच हात उठत नाही, माझाही नाही. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती असं मला वाटत नाही.

अप्पांनी मासा मांडीवरून खाली ठेवला. मग उठून भिंतीपाशी गेले, सहाव्या कलमावरची आपली रेघ ओल्या बोटाने पुसायला लागले. शाई पुसली जाईना. तेव्हा त्यांनी पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात ते कलम पुन्हा लिहिलं. तसेच प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी मागे गेले.

"साहेब, सात आठवडे मॅडमचे वाया गेले. चूक माझी हाय. लिहून देऊ का?"

"कशाबद्दल?" प्राचार्यांना काहीच माहीत नव्हतं.

"पाणी वाचवल्याबद्दल," अप्पा म्हणाले.

लिंबाच्या रसात मासा एक रात्र ठेवला. थर सुटला. दुसऱ्या दिवसापासून अप्पा घाटनांदूरहून वीस लिटरचा कॅन मोटरसायकलला बांधून आणू लागले, घरच्या आडाचं गोडं पाणी. चाचणी झाली की मासा त्याने धुवायचे, बादलीत उरलेलं पाणी आवारातल्या लिंबाच्या झाडाला घालायचे आणि सहाव्या कलमापुढे तारीख टाकायचे. एकही दिवस चुकला नाही. टाकीतलं जुनं पाणीही त्यांनी गटारात सोडलं नाही. चार दिवस बादल्यांनी वाहून बांधकामावर दिलं.

फेब्रुवारीत निरोप आला तो सकाळी. आम्ही पोचलो तेव्हा कालव्याचं पाणी काठाला लागलं होतं आणि खालच्या गावांची माणसं येऊन बसली होती. सोपान कमरेला दोरी बांधून तयारच होता.

"मासा आधी उतरेल," अप्पा म्हणाले.

"दाजी, मागच्या टायमाला बघितला की तुमचा मासा. लोक खोळंबलेत. मी जाऊन येतो, मग तुमी खेळत बसा."

"अर्धा तास थांब."

"कावून?"

"मी म्हणतो म्हणून."

सोपानने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "अर्धा तास. वर एक मिनिट नाही."

अप्पांनी दोरी सोडायला सुरुवात केली. मी पडद्यासमोर होते. अकरा छिद्रांच्या अकरा पट्ट्या, कमी-जास्त होणाऱ्या. तिसरी गाठ गेली. मासा मध्येच होता. पाचवी. आठवी. डाव्या-उजव्या पट्ट्या श्वास घेतल्यासारख्या एकत्र वर-खाली होत होत्या. सोपान माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"हे काय म्हणतंय?"

"मोकळं आहे. दोन्ही भिंती सारख्या अंतरावर."

दहावी गाठ. उजव्या कुशीच्या मागच्या दोन पट्ट्या उतरू लागल्या. पाणी अरुंद जागेतून जोराने जातं तिथे दाब कमी होतो. मी अप्पांना ओरडून सांगितलं, उजवीकडे ओढ आहे. अप्पांनी दोरी आणखी सावकाश केली. अकरावी गाठ. उजव्या पट्ट्या निम्म्यावर. मासा शेपूट डावीकडे मारत होता, जेवढी मारता येते तेवढी. बारावी गाठ अप्पांच्या हातातून गेली आणि दोरी ताडकन ताणली गेली. पडद्यावर उजव्या कुशीच्या पाचही पट्ट्या तळाला गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"ओढा," मी म्हणाले.

अप्पांनी ओढलं. दोरी हलली नाही. सोपान धावला. दोघांनी पाय रोवून ओढलं. मग काठावरचे आणखी दोघे आले. चौघांनी ओढलं. दोरीतून पाणी पिळून निघालं, पण एक बोटभर दोरी वर आली नाही. आत मासा हातभर लांब, एका माणसाच्या मांडीएवढाही नाही.

सोपानने दोरी सोडली. तळहात पँटीला पुसले.

"कितवी गाठ, दाजी?"

"बारावी."

"मी कुठवर जातो?"

"पंधरावीपर्यंत."

"अन् भिंत?"

"उजवी," अप्पा म्हणाले. "मीच शिकवली."

सोपानने कमरेची गाठ सोडली, दोरी गोल गुंडाळली आणि अप्पांच्या पायाशी ठेवली. "साहेब, गेट बंद करा."

"बंद केलं तर खालची पाळी दोन दिवस पुढे जाईल," साहेब म्हणाले. "लोकांना काय सांगू?"

"मग तुमी उतरा," सोपान शांतपणे म्हणाला. "दोरी हितं हाय."

साहेबांनी ताणलेल्या दोरीकडे पाहिलं. तिघे जण अजून ती धरून होते. काठावरचा एक म्हातारा शेतकरी उठला आणि म्हणाला, "दोन दिवसांनी मरत न्हाई आमचा हरभरा. करा बंद." गेट बंद झालं.

तिसऱ्या दिवशी बोगदा उपसला. आत बाभळीचं एक आख्खं खोड आडवं झालं होतं, त्यावर पोती आणि पाचट घट्ट बसली होती. सगळं पाणी उजव्या भिंतीकडच्या ताटलीएवढ्या एका भोकातून जात होतं. त्या भोकात आमचा मासा दुमडून बसला होता. सोपानने स्वतः तो काढला. पाठ मोडलेली, शेपूट फाटलेली, तार तुटलेली. त्याने तो कालव्याच्या पाण्याने धुतला, अप्पांच्या खांद्यावरची दस्ती मागून घेतली आणि पुसून त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

आता चार्जचा वाद. वस्तू गेली असेल तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, वस्तू निकामी होण्याचं कारण. मी म्हणाले, 'बिघाड' लिहू.

"कसला बिघाड? शेवटपर्यंत आकडे बरोबर देत होता."

"मग अपघात."

"अपघात म्हणजे होऊ नये ते होतं. त्याला तिथं पाठवलंच होतं."

"अप्पा, छापील कारणं तीनच आहेत. तिसरं हलगर्जीपणा."

"मग अर्जच नको. 'आहे' लिहा. हा काय, डब्यात हाय." त्यांनी डबा पुढे सरकवला. "एक नग. मोजून घ्या."

त्यांचं म्हणणं साधं होतं. जे काम सांगितलं ते करून आलेली वस्तू हरवलेली कशी? माझं म्हणणंही साधं होतं. मी पाण्यात न चालणारी वस्तू चालू म्हणून ताब्यात घेणार नव्हते, उद्या तपासणी झाली तर उत्तर मला द्यायचं होतं. चहा दोनदा गार झाला. शेवटी मी छापील तिन्ही कारणांवर काट मारली आणि मोकळ्या जागेत हाताने लिहिलं, 'माणसाऐवजी उतरला.'

अप्पांनी कागद लांब धरून वाचला. मग खिशातून पेन काढून सही केली, तारीख घातली. कॉलरमधून सुई काढली आणि यादीवर ठेवली.

"ही यादीत न्हाई," मी म्हणाले.

"घाला. छिद्रं साफ करायला लागंल. दुसरा मासा करणारच हायेत तुमी."

दुसरा मासा आम्ही केला. त्याला बारा छिद्रं आहेत, आणि सहावं कलम भिंतीवर जसंच्या तसं आहे, खाडाखोडीसकट.

त्यानंतर अप्पा मला एकदाच दिसले, एप्रिलच्या आवर्तनात. पुढे ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. एप्रिलच्या त्या पाळीत सायफन पुन्हा तुंबल्याचा निरोप होता. मी मासा घेऊन पोचले तेव्हा सोपान काठावरच्या बाभळीखाली बसून शेंगा खात होता. कपडे कोरडे, कमरेला दोरी नाही. साहेबांनी आपणहून आधी मासा सोडायला सांगितलं. चौदा गाठींपर्यंत गेला, दोन्ही भिंती मोकळ्या दाखवल्या, डावीकडे तळाशी थोडी पोती असल्याचं सांगून परत आला. वरूनच आकडा टाकून ती निघाली.

अप्पा दुरून, ओढ्याच्या पलीकडून हे सगळं बघत होते. मी हाक मारली तरी डाव्या कानामुळे ऐकू गेली नाही. मग सोपानच ओरडला, "दाजी, या की. काय म्हणतंय पाणी?"

अप्पा काठाकाठाने चालत आले. "मला कावून विचारतो बे? त्याला विचार," असं म्हणून त्यांनी माशाकडे हात केला. सोपानने मूठभर शेंगा त्यांच्या ओंजळीत दिल्या. दोघं शेजारी शेजारी बसले.

मी पडदा बंद करून डायरीत कामावर रेघ मारली आणि निरोप घ्यायला त्यांच्याकडे वळले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अप्पांच्या दोन्ही गालांवर आठवडाभराची पांढरी दाढी होती.